एकच कॅमेरा असेल तर

१

कॅमेरे लावायला बोलावलेल्या बाईला पहिली अडचण दारातच आली. दाबायला बेल नव्हती. चौकटीवर दोन स्क्रूची भोकं होती, बेलच्या आकाराचा एक फिकट चौकोन होता, आणि बेलचा पत्ता नव्हता.

या बाईला सगळे वायरताई म्हणत. नवरा गेल्यावर त्याचं कॅमेऱ्यांचं दुकान तिने एक दिवसही बंद न ठेवता चालवलं, त्याला आता अकरा वर्षं होत आली होती. गुडघे कुरकुरत, तरी ती शिडीवर चढे. जिभेला तर शिडीचीही गरज नव्हती. तिने दारावर थाप मारली.

दार त्या घरच्या सुनेने उघडलं. तिशीची, केस अर्धे बांधलेले, खांद्यावर बाळाचं दुपटं. वायरताईने चौकटीकडे बोट दाखवलं तशी ती तिथेच मटकन पायरीवर बसली.

"काल संध्याकाळपर्यंत होती हो! म्हणजे सात झाल्या."

"काय सात झाल्या?"

"चोऱ्या."

चहाआधीच यादी बाहेर आली. दोन महिन्यांपूर्वी प्रेशर कुकरची शिट्टी गेली. मग टोल्यांचं भिंतीवरचं घड्याळ. मग रेडिओ. मग उकळलं की शीळ घालणारी किटली. मग बाळाच्या खोलीतला आवाज स्वयंपाकघरात ऐकवणारी डबी, तीही नुसती स्वयंपाकघरातली. मग सुनेच्या भावाचं गजराचं घड्याळ. आणि आज बेल.

"कपाटाला कुलूप नाही. त्यात माझ्या सोन्याच्या बांगड्या आहेत. त्यांना हातसुद्धा लावलेला नाही."

"सोनं सोडून शिट्टी नेणारा चोर!" वायरताई म्हणाली. "एवढ्या वर्षांत नाही बघितला."

सुनेला हसू आलं नाही. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने पाण्यावर. त्यानेच फोनवर हट्ट धरला होता की कॅमेरे लाव, पण खर्च दोन कॅमेऱ्यांच्या वर जायला नको.

"आणि मी ठरवलंय," सून म्हणाली. "सोमवारपासून बाळ पाळणाघरात. घरात चोर वावरत असताना सात महिन्यांचं बाळ सोडून मी कामावर कशी जाऊ? कामाच्या मावशींनाही सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलंय. बाहेरचं असं दुसरं कोण येतं इथे? त्याआधी चोर सापडला, तर दोन्ही गोष्टी मागे घेईन."

आज शनिवार होता.

बजेट दोन कॅमेऱ्यांचं आणि भीती दहांची, हे वायरताईच्या रोजच्या धंद्यातलं होतं. त्यावर तिची एक पद्धत होती. घरातल्या प्रत्येकाला एकेकटं गाठून ती एकच प्रश्न विचारी: एकच कॅमेरा असेल तर कुठे लावाल? माणसाचा जीव कुठे अडकलाय ते यावरून कळतं, असं तिचं म्हणणं होतं.

"सांगा. तुम्ही कुठे लावाल?"

सुनेने स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "स्वयंपाकघरात. आमच्या सासूबाई दिसतील असा."

२

"सासूबाईंवर संशय?" वायरताईने चहाचा कप खाली ठेवला.

"चोरीचा नाही हो. पण त्या माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे समोर बसलं की गोड बोलतात. मी दारातून, मागून काही म्हटलं की ढिम्म हलत नाहीत. परवा त्या ओट्याशी भांडी विसळत होत्या. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं, पाळणाघराचं, मावशींचं. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. नातवाला रोज बाहेर ठेवणार म्हणते मी, आणि यांच्या तोंडातून एक शब्द नाही!" तिने दुपट्याने डोळे टिपले. "मी दिसत नसताना त्या कशा असतात, तेवढं बघायचंय मला."

सासू-सुनेत वायर टाकायला कुणी सांगितलं तर काय करायचं, हे वायरताईला ठाऊक नव्हतं. तिने कागदावर स्वयंपाकघराशी एक फुली मारली आणि उठली.

मावशी हॉल पुसत होत्या. पन्नाशीच्या, काटक, बोलायला तुटक. फरशी पुसता पुसता त्या भिंतीशी आल्या की त्यांचा हात मंद होई आणि भिंतीलगतची चार बोटं जागा त्या वेगळ्या, कोरड्या फडक्याने जपून टिपून घेत.

"मावशी, एकच कॅमेरा असेल तर कुठे लावाल?"

"दारावर. उंच. बाहेर बघणारा." मावशींनी मान वर केली नाही. "घरात नको. आणि घरात लावलात तर खालचं दिसायला नको."

"खालचं म्हणजे काय?"

"म्हणजे… मी बसून पुसते. बरं नाही दिसत ते."

"तुमच्यावर आळ आलाय, ठाऊक आहे ना? कॅमेऱ्याने उलट तुमचीच सुटका होईल."

"आळ काय, पुसला की जातो," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून निघाल्या. दाराशी थांबून मात्र त्यांचा आवाज बदलला. "बाळाला पाळणाघरात नका धाडू म्हणावं वहिनींना. मी गेले तरी चालेल. बाळ आजींपाशी राहू द्या."

ज्या बाईची नोकरी जातेय, ती स्वतःसाठी काही मागत नव्हती. वायरताईला वाटलं, हिला चोर माहीत आहे.

३

तिसरा माणूस पांघरुणाखाली सापडला. सुनेचा भाऊ, बाळाचा मामा. दवाखान्यात रात्रपाळीला परिचारक, त्यामुळे घरादाराचा दिवस ही त्याची रात्र. महिन्यापूर्वी बदली होऊन आला होता आणि मागच्या खोलीत राहत होता. कानात कापसाचे बोळे घालून झोपलेल्या त्या देहाला तीनदा हलवावं लागलं.

"कॅमेरा?" तो जांभई देत म्हणाला. "माझ्या उशीपाशी लावा. गजराचं घड्याळ नेलंय. मोबाइलच्या गजराने मला जाग येत नाही. तीन दिवस उशिरा पोचलो, हेडनर्स आता माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

वायरताई त्याच्या पलंगाच्या कडेला बसली आणि तिने यादी पुन्हा एकदा मोठ्यांदा वाचली. शिट्टी. टोल्यांचं घड्याळ. रेडिओ. किटली. डबी. गजर. बेल. वाचता वाचता ती थांबली.

"यात सारखं काय आहे, सांगा बरं."

मामाने डोळे चोळले आणि मग ते मोठे झाले. "अरेच्चा! सगळ्या वाजणाऱ्या वस्तू!"

"बरोबर. चोर सामान नेत नाही, आवाज नेतोय. आणि या घरात दिवसा आवाज नकोसा कुणाला असेल?"

"दिवसा झोपणाऱ्याला." मामा सावकाश म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून उठूनच बसला. "अहो, मी नाही! कापूस बघा की कानातला!"

"घाबरू नका. तुम्ही महिन्यापूर्वी आलात. शिट्टी, घड्याळ, रेडिओ, किटली, चारही वस्तू त्याआधीच गेल्या होत्या. आणि स्वतःचा गजर चोरून स्वतःची नोकरी कोण घालवेल?"

मामाने सुस्कारा सोडला. वायरताईला मात्र चैन पडेना. आवाजाने झोप मोडते असं घरात दुसरं कुणी नव्हतं. बाळ होतं, पण शिट्टी लपवण्याइतकं ते अजून मोठं झालं नव्हतं. मग आवाजाची अडचण आणखी कोणाला, आणि ती कसली?

राहिल्या होत्या फक्त आजी.

४

आजी हॉलमध्ये आपल्या खुर्चीत मटार सोलत होत्या. पांढरे केस नीट विंचरलेले, पाठ ताठ. वायरताई येताना दिसताच त्यांनी भर अकरा वाजता डोक्यावरचा दिवा लावला आणि समोरची खुर्ची खिडकीकडे तोंड येईल अशी वळवली.

"इथे बसा, उजेडात. तोंड बघितल्याशिवाय मला बोलल्यासारखं वाटत नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते ना, तिथे नुसते आवाज. सगळं शहर माझ्या कानांतून जायचं. कोण कुणावर रुसलंय हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळायचं! आता तोंडं बघून घेते."

वायरताईला ही बाई आवडली. तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

आजींना विचार करावाच लागला नाही. "पाळण्यावर. त्याचं चित्र स्वयंपाकघरात दिसेल का हो? छोट्या पडद्यावर? आवाजाचा नको, नुसत्या चित्राचा द्या. तेवढाच स्वस्त पडेल."

"आवाजाचे पैसे वेगळे नसतात, आजी."

"असू दे. चित्र पुरे."

वायरताईने मान हलवली. भिंत भरीव आहे की पोकळ ते बघायला हवं होतं, म्हणून ती आजींच्या पाठीमागे शिडीवर चढली. "आजी, भोक पाडतेय हं, आवाज होईल," असं म्हणाली आणि तिने ड्रिल सुरू केलं.

घर हादरलं. मागच्या खोलीतून मामा कापसासकट धावत आला. स्वयंपाकघरातून मावशी आल्या. गॅलरीतून सून आली, तिचे हात कानांवर. आजी मात्र खुर्चीत तशाच बसल्या होत्या. दाण्यामागून दाणा शांतपणे वाटीत पडत होता. ड्रिल त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर होतं.

मग त्या एकदम उठल्या. वाटी बाजूला ठेवली आणि ड्रिलकडे ढुंकूनही न बघता तडक बाळाच्या खोलीत गेल्या. वायरताईने ड्रिल बंद केलं, तेव्हा कुठे बाकीच्यांना बाळाचं रडणं ऐकू आलं. क्षणभरच. लगेच थांबलं, कारण आजींनी उचलून घेतलं होतं.

"बघितलंत?" सून कडवट हसली. "माझं ऐकू येत नाही. बाळाचं बरोबर येतं."

वायरताई शिडीवरच थिजली होती. ड्रिल चालू असताना तिला स्वतःला ते रडणं ऐकू आलं नव्हतं. कुणालाच आलं नव्हतं. ज्या बाईला डोक्यावरचं ड्रिल कळलं नाही, तिला बंद दारापलीकडचं बाळ कळलं. कसं?

५

उत्तर कानात नव्हतं, भिंतीच्या तळाशी होतं.

कॅमेऱ्याची वायर कुठून न्यायची ते बघायला वायरताई गुडघे टेकून खाली वाकली, आणि तिला दिसलं की तिच्या आधीच तिथून कुणीतरी काहीतरी नेलेलं आहे. पांढरा क्रोशाचा दोरा. पांढऱ्या भिंतीवर पांढरा. हातहात अंतरावर एकेक बारीक आकडा, आणि प्रत्येक कोपऱ्यात पडद्याची पितळी कडी, दोरा अडकू नये म्हणून. इतकं नेटकं वायरिंग तिच्या दुकानातल्या लोकांनीही केलं नसतं. घरात भिंतीचा तळ कोण बघतं? एक मुंगी, दुसरी वायर टाकणारी.

आणि तिसरी, फरशी पुसणारी. मावशी ती चार बोटं जागा का जपत होत्या, ते आता उलगडलं.

दोऱ्याचं एक टोक पाळण्याच्या दांडीला होतं. तिथून तो आजींच्या खुर्चीपाशी येत होता, तिथे मनगटात अडकवायला एक फास होता, आणि पुढे तो स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत गेला होता. तिथे त्याच्या टोकाला लाल रिबिनीचा तुकडा लोंबत होता. पाळणा हलला की रिबीन हले.

आता एकच खात्री करायची राहिली होती, आणि ती वायरताईला चारचौघांत करायची नव्हती. बाळाला थोपटून झोपवून आजी खुर्चीत परत आल्या तेव्हा हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं. वायरताई समोर उजेडात बसली. तिने तोंडाने शब्द तर नीट केले, पण आवाज अजिबात काढला नाही. ओठ तेवढे हलले: मावशींना सोमवारपासून कामावरून काढलंय. आणि बाळाला पाळणाघरात ठेवणार आहेत.

आजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणी काढलं? का?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "मावशींनी काय केलंय? आणि बाळ कुठे जाणार? मला कुणी काही सांगितलं कसं नाही?"

"आई," मागून आवाज आला. सून दारात उभी होती. ती कधी आली ते वायरताईलाही कळलं नव्हतं. "आई, तुम्ही कुणाशी बोलताय? त्या तर एक शब्दही बोलल्या नाहीत."

आजी वळल्या नाहीत. त्या अजून वायरताईच्या ओठांकडेच बघत होत्या.

"आई?" सून म्हणाली. मग जरा मोठ्याने, "आई!" मग तिने तोंडावर हात ठेवला आणि ती भिंतीला टेकली.

६

आजींनी वायरताईची नजर कुठे गेली ते पाहिलं आणि सावकाश मागे वळून बघितलं. सुनेचा चेहरा पाहताच त्यांना सगळं कळलं. चेहरे वाचायला त्या शिकल्याच होत्या.

त्या उठल्या आणि आपल्या पलंगाखालची पेटी ओढत घेऊन आल्या. आत सातही वस्तू होत्या, जुन्या पंच्यांत गुंडाळलेल्या, प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी. एक्स्चेंजची शिस्त.

"कुकर करपला त्या दिवशी शिट्टी काढून ठेवली," आजी म्हणाल्या. "शिट्टी नाही तर कुकर नाही. पातेल्यातली वाफ डोळ्यांना दिसते. टोले किती पडले हे तू मलाच विचारायचीस, म्हणून घड्याळ. रेडिओ फार मोठ्याने लागायचा माझ्याकडून. किटलीचं पाणी आटून गेलं. डबी तू हौसेने आणलीस, आणि ती माझ्यासमोर मुकीच बसून राहायची. मामा म्हणाले, गजर वाजूनही उठलो नाही तर मला हलवा. आणि काल कुरिअरवाला दहा मिनिटं बेल वाजवून परत गेला, तू चिडलीस. मला वाटलं, आता पकडले जाणार."

"पण सांगायचं ना, आई!" सून रडत होती. तरी आता ती आजींच्या समोर येऊन, उजेडात बसली होती.

"काय सांगू? तीस वर्षं ज्या कानांचं खाल्लं ते कान गेले म्हणून? आणि सांगितलं असतं तर बाळ माझ्यापाशी ठेवलं असतंस का?"

सून खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "नसतं ठेवलं," ती म्हणाली.

मग वायरताईने सुनेचा हात धरून तिला दोऱ्याच्या कडेकडेने पाळण्यापासून रिबिनीपर्यंत नेलं. येताना सून दोनदा थांबली आणि वाकून तिने त्या पितळी कड्यांवरून बोट फिरवलं.

"मूल रडायच्या आधी पाय हलवतं," आजी म्हणाल्या. "कानाने ऐकणारा रडल्यावर येतो. मी त्याच्या आधी येते. या दोन महिन्यांत तुझं बाळ माझ्या हातांवाचून मिनिटभरही रडलेलं नाही. बाकी सगळं खोटं केलं मी, एवढं मात्र खरं."

मावशी दाराशी उभ्या होत्या. सून त्यांच्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. दोरा ओला झाला की ढिला पडतो, म्हणून कोरडं फडकं वेगळं ठेवलंय."

"मग चोरीचा आळ आला तरी गप्प कशा राहिलात?"

"सांगायचं ते आजींनी सांगायचं," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्याचं दुखणं मी का सांगत फिरू?"

सुनेने त्यांचे ओले हात तसेच दोन्ही हातांत धरले आणि माफी मागितली. मावशींना त्याची सवय नव्हती. त्या म्हणाल्या, बरं बरं, फरशी वाळायची आहे अजून.

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. "माझ्यापायी तुमची भाकरी जाणार होती, आणि मला पत्ताही नव्हता." मग त्या सुनेकडे वळल्या. "बाळ ने वाटल्यास. पण यांना काढू नकोस." हे बोलताना त्यांचा आवाज फुटला, आणि आपला आवाज फुटलेला त्यांना ऐकू आला नाही.

"मी रोज दारातून 'आई, येते हं' म्हणून जायचे," सून म्हणाली. "तुम्ही कधी ओ दिली नाहीत. मला वाटायचं, मी आवडत नाही तुम्हाला."

"रोज म्हणायचीस?"

"रोज."

आजींनी तिचं डोकं जवळ ओढलं. रडण्याच्या आवाजाने पुन्हा उठून आलेला मामा, जो एरवी तापाचे आकडे सोडून कशाने हलत नसे, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग घसा साफ करून म्हणाला की मंगळवारी त्याला सुट्टी आहे, दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांकडे तो आजींना स्वतः नेईल, आणि तिथे यंत्र द्या म्हणाले तर आजींनी ते निमूटपणे घालायचं. आजींनी त्याच्या पाठीला काहीच उत्तर दिलं नाही. तो जीभ चावून वळला आणि सगळं पुन्हा समोरून बोलला.

वायरताईने कागद उलटा केला आणि नवा नकाशा काढायला घेतला. एक कॅमेरा पाळण्यावर, त्याचा पडदा ओट्याच्या वर, जिथे मान वळवावी लागणार नाही असा. दुसरा दारावर. आणि बेल दाबली की हॉलमध्ये दिवा लुकलुकेल अशी सोय, जी तिच्या दुकानात पडूनच होती आणि बजेटात आरामात बसत होती. दोरा काढायचा का, असं तिने विचारलं. सून म्हणाली, नको, वीज गेली तर लागेल.

पाळणाघराचं मात्र ती काहीच बोलली नव्हती. आजींनीही विचारलं नाही. त्या मटाराची रिकामी टरफलं गोळा करत होत्या, मघाशी एकदा केलेलीच पुन्हा.

सुनेने फोन उचलला. खिडकीपाशी गेली, नंबर लावला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी परत आली. आजींच्या समोरची खुर्ची तिने ओढली, दिवा लावला आणि उजेडात तोंड करून बसली. फोन कानाला होता, पण बोलताना ती आजींकडेच बघत होती, एकेक शब्द सावकाश, नीट ओठ हलवत.

"नमस्कार. सोमवारपासून आमचं बाळ यायचं होतं ना? ते येणार नाही. नाही हो, तक्रार काही नाही. घरी त्याची आजी आहे. ती सांभाळते. हो, कायमचंच."

आजींच्या हातातली टरफलं खाली पडली. पलीकडून काही तरी विचारलं जात होतं आणि सून नुसती ऐकत बसली होती, डोळे भरून.

"झालं ना बोलून?" आजी म्हणाल्या. त्यांना हुंदका आणि हसू दोन्ही एकदम येत होतं. "मग ठेव फोन. उगाच लाइन अडवून ठेवू नये."